निकेल उत्प्रेरक, पाण्याच्या विद्युत् विच्छेदनातील
विजेच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करताना विद्युत् अग्रांवरील विक्रियांचा वेग वाढविणारे निकेलयुक्त पदार्थ. या विघटनास २५° से. तापमानास सैद्धांतिक दृष्ट्या १·२३ व्होल्ट विद्युत् दाब पुरतो, प्रत्यक्षात सु. १·८ ते २ व्होल्ट लागतात. यातील जादा दाबामुळे वीज वाया जाते व तो कमी करणे हे उत्प्रेरकाचे कार्य होय.

अम्लीय माध्यमात निकेल विरघळते. म्हणून तेथे ऋणाग्रावर प्लॅटिनम व धनाग्रावर दुर्मिळ इरिडियम वापरतात. इरिडियमाचे जागतिक वार्षिक उत्पादन अवघे ७–८ टन असून ते मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात मात्र निकेल टिकते. निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम क्षाराने काढून टाकल्यास मोठ्या पृष्ठफळाचे सच्छिद्र निकेल मिळते. ऋणाग्रावरील निकेलात मॉलिब्डेनम मिसळल्यास हायड्रोजन, तर धनाग्रावरील निकेल हायड्रॉक्साइडात थोडे लोह मिसळल्यास ऑक्सिजन अधिक सुलभतेने निर्माण होतो. तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेल अग्रांचा विद्युत् विच्छेदक विकसित केला आहे.

सौर वा पवन वीज वापरताना प्रवाह वारंवार खंडित होतो. अशा वेळी उलट वाहणाऱ्या प्रवाहामुळे अग्रांवरील लेप खराब होतात. त्यामुळे स्वस्त हायड्रोजनासाठी उत्प्रेरकाच्या क्रियाशीलतेइतकेच त्याच्या टिकाऊपणालाही महत्त्व आहे.