न्हाणीघरातील गॅसचा बंब

श्रोतेहो, दिवाळी तोंडावर आली की नरकचतुर्दशीच्या पहाटे लागणाऱ्या ऊन पाण्याची चिंता घरोघर सुरू होते. एके काळी हा भार तांब्याचा बंब वाहत असे. मधल्या नळीत ढलप्या आणि निखारे घालावे, वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी काढून घ्यावे. आज पुष्कळ घरी त्याची जागा भिंतीवरील गॅसच्या गीझरने घेतली आहे. हे नाव आइसलंडमधील एका उष्ण पाण्याच्या कारंजावरून आले. १८६८ साली लंडनमधील बेंजामिन मॉगन याने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि त्याला हे नाव दिले. मात्र त्या यंत्राला जळालेला वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. ही उणीव ध्यानात ठेवावी. शेवटी आपल्याला तिच्याकडेच परत यावयाचे आहे.

गीझर बिघडला म्हणजे आपण गोंधळतो, कारण आत काय चालते हे आपणांस ठाऊक नसते. वस्तुतः त्याचा क्रम सरळ आहे. तोटी उघडताच पाणी वाहू लागते. त्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो. पडदा सरकला की विजेची कळ दाबली जाते, सेलच्या शक्तीने टकटक ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतीजवळची एक बारीक कांडी 'ज्योत पेटली' अशी साक्ष देते. ती साक्ष मिळाली नाही, तर काही क्षणांतच झडप मिटते. तांब्याच्या नळ्यांतून जाणारे पाणी तापून बाहेर येते. म्हणजे आधी पाणी, मग ठिणगी, मग गॅस आणि शेवटी ज्योतीची साक्ष. दोष शोधावयाचा तो याच क्रमाने.

ठिणगीचा आवाजच येत नसेल, तर प्रथम सेल बदलून पाहावे. बहुतेक साध्या गीझरांत दोन मोठे सेल असतात आणि ते ओलसर हवेने लवकर गंजतात. सेल चांगले असतील तर पाण्याचा दाब कमी आहे असे समजावे. गच्चीवरची टाकी फार उंच नसेल, किंवा पाणी आत येते तेथील जाळीत गाळ साचला असेल, तर पडदा सरकत नाही. पाणी बंद करून जाळी काढावी आणि धुवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

ठिणगी पडते पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी सिलिंडर संपला आहे काय आणि रेग्युलेटर उघडा आहे काय, हे पाहावे. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा राहते, त्यामुळे पहिल्या खेपेस ज्योत पेटत नाही. थोडे थांबून पुन्हा एकदोनदा प्रयत्न करावा. सारखी तोटी उघडझाप करू नये. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर साक्ष देणाऱ्या कांडीवर काजळी धरली असण्याचा संभव असतो. तथापि काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो दोष नव्हे, सुरक्षिततेची योजना आहे. पाणी पुरेसे तापत नसेल तर प्रवाह कमी करून पाहावा. जड पाण्याच्या गावी मात्र तांब्याच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो. तो काढणे कारागिराचे काम आहे.

दोन दोषांना मात्र स्वतः हात लावू नये. पहिला, गॅसचा वास. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्या आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. दुसरा, निळ्याऐवजी पिवळी ज्योत. गॅस पुरता जळत नाही याची ती खूण आहे. गीझर तत्काळ बंद करावा.

आणि आता तो तिसरा दोष, जो यंत्रात नसून जागेत असतो. गॅस जळावयास ऑक्सिजन लागतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो भराभर कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबून सावध करी. या वायूला ना रंग, ना वास.

आमच्या परिचयाच्या एका घरी सूनबाईंना न्हाताना दोनदा भोवळ आली. उपवासाने पित्त झाले असेल, असे सर्वांनी मानले. तिसऱ्या वेळी पाणी वाहत राहिले, पण सासूबाईंच्या हाकेला ओ आली नाही. कडी तोडून त्यांना बाहेर काढले, म्हणून त्या वाचल्या. गीझर नवा होता आणि उत्तम चालत होता. खिडकी मात्र थंडीमुळे बंद होती.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि ऊन पाणी नळीने आत आणावे. तसे होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास बसावे. न्हाताना डोके दुखले, मळमळले, हातपाय गळाले तर तत्क्षणी बाहेर यावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार उघडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. तेथे गॅसच्या गीझरचा उल्लेख अवश्य करावा.

श्रोतेहो, पाणी गार निघाले तर फार तर एका दिवसाचे स्नान चुकेल. यंत्र बिघडले की आपण जागे होतो. ते नीट चालत असतानाही खिडकीकडे एकदा पाहावे, एवढेच आजचे सांगणे.