कीटकनाशकांची रिकामी भांडी : कायदा व शिक्षकांचे कर्तव्य

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास जळकोट परिसरात सोयाबीन, तूर व कापूस यांच्या पेरण्या सुरू होतात. पुढे फवारणीचे दिवस आले की बांधावर व ओढ्याकाठी कीटकनाशकांच्या बाटल्या व डबे टाकलेले दिसतात. असे भांडे रिकामे झाले तरी निर्विष होत नाही. तळाशी व झाकणात विषाचा अंश राहतो. तेच घासूनपुसून पाणी किंवा तेल ठेवण्यास वापरणे जिवावर बेतू शकते.

घातक कचऱ्याविषयीचे निर्बंध केवळ कारखान्यांसाठी आहेत, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली १९७१ साली नियम करण्यात आले. त्यांतील नियम ४४ अन्वये कीटकनाशके तयार करणाऱ्यांनी व हाताळणाऱ्यांनी उरलेले द्रव्य, धुवण व वेष्टने यांची विल्हेवाट परिसर व पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने लावावयाची असते. पुन्हा वापर होऊ नये म्हणून रिकामी वेष्टने उघड्यावर टाकावयाची नसतात. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात.

या निर्बंधाचे मोल एका दुर्घटनेवरून ध्यानात येईल. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन घेतलेली २३ बालके दगावली. तपासणीत तेलाच्या डब्यात व अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. आपल्या शाळांतही पोषण आहार शिजतो, हे विसरता कामा नये.

या दृष्टीने शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

(१) गावात या द्रव्यांस ‘औषध’ म्हणतात. या शब्दाने मुले फसतात. वर्गात ‘विष’ असेच म्हणावे.

(२) वेष्टनावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ शिकवावा. लाल, पिवळा, निळा व हिरवा या क्रमाने विषाची तीव्रता कमी होत जाते. परंतु हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

(३) आहाराचे तेल व तिखट-मीठ कोणत्या भांड्यांत ठेवले आहे, हे स्वतः पाहावे.

(४) पालकसभेत सांगावे की, बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. नंतर बाटली फोडून विहीर, ओढा व वस्ती यांपासून दूर पुरावी.

(५) स्वच्छतेच्या कामात अशी भांडी मुलांना कदापि उचलावयास लावू नयेत.

हा नियम फार थोड्या शेतकऱ्यांच्या वाचनात येतो. मुलांच्या द्वारे तो घरोघर पोचविणे शिक्षकांस सहज शक्य आहे, व हे काम खरिपाच्या फवारणीपूर्वीच व्हावे.