वाघोबा आणि त्याची जपानी मावशी

श्रोतेहो, कल्याण-डोंबिवलीच्या बाजारातून जाताना एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानापाशी क्षणभर थांबा. काचेआड एक पांढरे, गुबगुबीत मांजर बसलेले आढळेल. गळ्यात लाल पट्टा, त्याला घुंगूर, आणि एक पंजा वर उचललेला. बॅटरीवर चालणारे असले, तर तो पंजा सारखा खालीवर होत असतो. दुकानदाराला विचारा. तो सांगेल, "चिनी मांजर आहे, गिऱ्हाईक बोलावते." बोलावते हे खरे, चिनी मात्र नव्हे. पुष्कळदा ते चीनच्या कारखान्यातून येते, म्हणून हा समज. मांजर मूळचे जपानी आहे. त्याचे नाव 'मानेकी-नेको', म्हणजे बोलावणारे मांजर. ते कोणाला निरोप देत नाही, की 'नको नको' असेही म्हणत नाही. जपानात माणसाला बोलावताना तळवा जमिनीकडे करून बोटे हलवतात. आपण तरी काय करतो? "अरे, इकडे ये" म्हणताना आपलाही तळवा खालीच असतो. साहेबाला ही खूण उमजत नाही, म्हणून त्याच्या देशात पाठवण्यासाठी पंजा उलटा वळवलेली मांजरेही घडवली जातात.

ह्या मांजराची हकीकत आज थोडी सांगायची आहे. पण त्याहून अधिक सांगायचे आहे ते त्याच्या भाच्याविषयी. मांजर ही वाघाची मावशी, हे आपल्याकडे शाळेत न गेलेले मूलही जाणते. तिने वाघाला सगळ्या विद्या शिकवल्या, झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, अशी ती गोष्ट. बिबट्या मात्र झाडावर सरसर चढतो. तेव्हा मावशीने एका भाच्याला गुपचूप शिकवले असले पाहिजे! आणि हाच भाचा ठाण्याच्या वेशीवर आजही राहतो.

आधी मावशी. जपानी लोककथांतले मांजर आरंभापासून असे गोजिरवाणे नव्हते. मांजर फार म्हातारे झाले की त्याची शेपटी दुभंगते, ते दोन पायांवर चालू लागते, माणसाचे रूप घेते, अशी तिकडची समजूत. अशा मांजराला 'नेकोमाता' म्हणतात. चौदाव्या शतकात केन्को नावाच्या भिक्षूने लिहिलेल्या टिपणांत नेकोमाताला भ्यायलेल्या एका माणसाची गंमत आहे. अंधारात अंगावर काहीतरी झेपावले म्हणून तो ओढ्यात पडला, आणि ते निघाले त्याचे स्वतःचेच कुत्रे. रूप पालटणाऱ्या मांजराला 'बाकेनेको' असेही नाव आहे. ते रात्री दिव्याचे तेल चाटते, हे त्याचे ठरलेले लक्षण. ह्यात चमत्कार थोडा आणि स्वयंपाकघर जास्त. गरिबाघरच्या दिव्यात माशाचे स्वस्त तेल जाळीत. माशाचा वास आला की मांजर मागच्या पायांवर उभे राहून दिवा चाटणारच, आणि भिंतीवर त्याची भली मोठी सावली पडणारच.

पण त्याच मांजरावाचून शेतकऱ्याचे चालत नव्हते. जपानात घरोघर रेशमाचे किडे पाळीत, आणि उंदीर त्या किड्यांचा फडशा पाडीत. मांजर असले तर पीक वाचे. ज्याच्याकडे मांजर नसे, तो मांजराचे चित्र आणून भिंतीला लावी. म्हणजे पाहा, प्राणी तोच. रात्री त्याचे भय, दिवसा त्याचा आधार. हस्तकला जन्मली ती ह्या दुहेरी नात्यातून. तोक्योच्या गोतोकुजी मंदिराची दंतकथा प्रसिद्ध आहे. वादळात झाडाखाली थांबलेल्या एका सरदाराला देवळातल्या मांजराने पंजा हलवून आत बोलावले, आणि तो आत जातो न जातो तोच त्या झाडावर वीज पडली. आजही लोक तिथे मांजराच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडून ठेवतात. हिरोशिगे ह्या चित्रकाराच्या 1852 सालच्या एका छापचित्रात बाजारात अशी मांजरे विकायला मांडलेली दिसतात. पुढे आइची प्रांतातले तोकोनामे हे कुंभारांचे जुने गाव मातीच्या मांजरांसाठी नावाजले, तर ताकासाकी भागात कागदाच्या लगद्याची मांजरे होऊ लागली. उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा गिऱ्हाईक, असे संकेतही ठरले.

आता आपल्याकडे येऊ. ज्याचे भय वाटते आणि ज्याच्याशेजारीच राहायचे आहे, अशा प्राण्याशी जपानी शेतकऱ्याने जसे नाते जोडले, तसे आपल्या जिल्ह्यातल्या वारली लोकांनीही जोडले. फरक इतकाच की त्यांच्यापुढे मांजर नव्हते, वाघ होता.

भाषेपासूनच पाहा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा ह्यांना जो 'बा' लावतो, तोच आपण वाघाला लावतो. नुसते 'वाघ' म्हटले तर ते जनावर. 'वाघोबा' म्हटले की त्याच्याशी बोलता येते. पट्टेरी वाघ ह्या डोंगरांतून गेला. पण खेड्यातल्या बोलीत वाघ म्हणजे पट्टेरीही आणि बिबट्याही, त्यामुळे वाघोबाची गादी रिकामी राहिली नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचे गाव आहे. आता तिथे उंच इमारती आहेत, तरी नाव गेलेले नाही.

वाघोबाची मूर्ती म्हणजे बहुधा लाकडाची फळी किंवा दगड. त्यावर वाघाची आकृती कोरलेली, कोठे रंगवलेली, सोबत सूर्य आणि चंद्रकोर. शेंदूर लावलेला. पुष्कळदा वर छप्परही नसते, रानाच्या कडेला झाडाखाली तो उभा असतो. सूर्य-चंद्र कशाला, असे तुम्ही विचाराल. जुन्या दानपत्रांच्या शिळांवरही सूर्य-चंद्र कोरलेले असतात. 'चंद्रसूर्य आहेत तोवर हा शब्द टिकेल' असा त्यांचा अर्थ. वाघोबाच्या फळीवर मला तोच अर्थ दिसतो. तो ठराव आहे.

ठराव कसला, ते एका कथेत आहे. एका मुलीला लग्नावाचून दिवस गेले. गावाने तिला नावे ठेवली. तिला मुलगा झाला, पण तो साधा नव्हता. त्याला वाघाचे रूप घेता येई. आईला टोचून बोलणाऱ्यांची गुरे तो मारू लागला. गाव कावले आणि तिच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आले. आईने मुलाला समजावले. मुलगा म्हणाला, मग मी खाऊ काय? अखेर तोड निघाली: गावोगाव त्याचे ठाणे असावे, वर्षातून एकदा त्याला मान मिळावा, आणि त्याने माणसाला त्रास देऊ नये. ह्या कथेची रूपे गावागणिक थोडी वेगळी ऐकू येतात. पण त्या वाघाच्या रागाचे कारण गावाचा निर्दयपणा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जपानी कथेतले मांजरही पुष्कळदा अन्यायाने मेलेल्या धन्याचा सूड घ्यायलाच रूप पालटते.

हा मान द्यायचा दिवस म्हणजे वाघबारस. आश्विन वद्य द्वादशीला शहरात आपण वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमारास रानाकडेचा गुराखी वाघाला पुजतो. एकाने गाईला हळदकुंकू लावायचे, दुसऱ्याने गाईला खाणाऱ्याला कोंबडे द्यायचे! शाळेतल्या मुलांना हे विसंगत वाटेल. पण जो रोज गुरे घेऊन रानात जातो, त्याला गाय वाचवायची तर वाघाशी बोलणे भाग आहे.

हे सारे जुन्या काळचे, असे मात्र समजू नका. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर ह्या तीन जिल्ह्यांत वाघोबाची 150 हून अधिक ठाणी नोंदवली गेली. (पालघर 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे, वारल्यांचा पुष्कळ मुलूख तिकडे गेला.) मुंबईच्या आरे वसाहतीतल्या पाड्यांतही वाघोबा आहे. अभ्यासकांचे म्हणणे असे की, ह्या श्रद्धेमुळे बिबट्याने केलेले नुकसान लोक अधिक सोसतात. बिबट्या नुकसान करीत नाही, असे ते म्हणत नाहीत. कोंबडी जाते, शेळीही जाते. पण लगेच 'मारा' अशी ओरड होत नाही.

वारली चित्रे आता सर्वांनाच ठाऊक आहेत. मूळ चित्र म्हणजे लग्नातला चौक. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो काढीत, मध्ये पालघट देवी. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी ह्यांनी ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ह्यांनी लग्नाची वाट न पाहता कागदावर, कापडावर चित्रे काढली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. आज ती चित्रे साड्यांवर आहेत, कपबशांवर आहेत. त्यात वाईट काही नाही, चार घरे त्यावर चालतात. अशा चित्रांत वाघ दिसला, तर तो नीट पाहा. नाचणाऱ्या माणसांपासून तो थोडासाच दूर असतो, पण त्याच्यावर कोणी भाला उगारलेला नसतो. वाघोबाची फळी मात्र बाजारात मांडायची वस्तू नव्हे. जपानी मांजर बाजारात शिरले ते लोकांना बोलवायला. वाघोबाला कोणालाच बोलवायचे नसते. आपली हद्द आणि गावाची हद्द एवढेच तो दाखवतो.

ही हद्द मोडली की काय होते, ते आपण पाहिले आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे. 2018 च्या मोजणीत तिथे आणि आसपास 47 बिबटे आढळले. भटकी कुत्री हे त्यांचे सोपे भक्ष्य, आणि कुत्री वाढतात आपल्या उकिरड्यांवर. फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्याच्या एका मोठ्या मॉलच्या आवारात बिबट्या शिरला. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात तो एका इमारतीत घुसला, काही जण जखमी झाले, आणि भूल देऊन त्याला धरावे लागले.

अशा वेळी मागणी होते, 'पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा.' जुन्नर भागात 2000 नंतरच्या काही वर्षांत हेच केले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की बिबटे उचलून नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. कारण उघड आहे. आपल्या ठिकाणी मुरलेल्या बिबट्याला वाटा, माणसांच्या वेळा, लपण्याच्या जागा माहीत असतात. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बावरतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा घ्यायला दुसरा अनोळखी येतो. 'त्याचे ठाणे असावे' असे ती जुनी कथा म्हणते. शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने फार वेगळ्या ठिकाणी पोचलेले नाहीत.

तरी फळीला शेंदूर लावला म्हणजे काम झाले, असे वारली गुराखीही मानीत नाही. तो शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात घालतो, अंधारात पोराला एकटे बाहेर सोडीत नाही. शहरातल्या माणसाने कचरा उघड्यावर टाकू नये. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नये, जायला वाट ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. मुरबाड-शहापूरकडच्या शिक्षकांना आणखी एक विनंती. आपल्या गावच्या हद्दीवर वाघोबाचा दगड किंवा फळी असेल, तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन मुलांना तिथे न्या. ठाणे तिथेच का आहे, पूर्वी वाट कोठून जात होती, ह्या वर्षी कोणाची शेळी गेली, हे त्यांना विचारू द्या, आणि ऐकलेली कथा ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत वहीत उतरवून घेऊ द्या.