आधी ज्युनिअरचा लॉग

पायाच्या तपासणीचा अहवाल शेवटी आकड्यांत मांडला जातो आणि नव्या जिओटेक्निकल इंजिनिअरची पहिली नेमणूकही बहुधा आकड्यांवरच होते. बोअरलॉग एक्सेलमध्ये भरायचा, धारणक्षमता काढायची, मसुदा सरांकडे पाठवायचा. सर लाल खुणा करून तो परत देतात. यालाच आपण मार्गदर्शन म्हणतो. त्याने अहवाल सुधारतो, पण इंजिनिअर सुधारतो का? या शाखेतल्या मोठ्या चुका हिशेबात होतातच असं नाही. त्या बोअरच्या तोंडाशी होतात आणि कागदावर येईपर्यंत त्यांचा मागमूसही उरत नाही.

एसपीटीचंच (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) पाहा. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडायचा, पहिले 15 सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि पुढच्या 30 सेंटिमीटरना लागलेले ठोके मोजायचे. ही झाली एन व्हॅल्यू. साइटवर मात्र दोराने हातोडा ओढणारे हात दुपारपर्यंत थकतात, हातोडा ठरल्यापेक्षा कमी उंचीवरून पडू लागतो, ठोके वाढतात आणि माती असते त्याहून घट्ट दिसते. उलट वाळूत बोअर चालू असताना केसिंगमधलं पाणी भूजलाच्या पातळीखाली गेलं, तर तळाची वाळू उसळून सैल होते आणि एन व्हॅल्यू नाहक घसरते. लॉगमध्ये दोन्ही वेळा एक साधा आकडा दिसतो. त्यावर ऑफिसात बसून लाल खूण करणार तरी कशी?

दख्खनच्या खडकात हे आणखी अवघड होतं. आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन) काढताना ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नमुन्यातल्या, म्हणजे कोअरच्या, 10 सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करून तिची ड्रिल केलेल्या लांबीशी टक्केवारी काढतात. पण तुकड्याचं तोंड ताजं आणि स्वच्छ असेल, तर तो ड्रिलिंगमध्ये किंवा बॉक्समध्ये ठेवताना मोडलेला असतो आणि अखंडच धरायचा असतो. तोंडावर तांबूस डाग किंवा चिकणमातीचा पापुद्रा असेल, तर तिथे खडकातच सांधा आहे. हा फरक कोअर ओला करून, हातात फिरवून, दोन तुकडे एकमेकांना जुळवून कळतो. त्यात घट्ट काळ्या बेसॉल्टला सांधे फार, म्हणून दगड मजबूत असूनही आरक्यूडी कमी येतो. पांढऱ्या खनिजांनी भोकं भरलेला अमिग्डलॉइडल बेसॉल्ट तुलनेने मऊ, पण सांधे विरळ, म्हणून कोअर लांबच लांब निघतो. नुसता आकडा वाचणारा इथे हमखास फसतो. शिवाय बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि मुरमात मोठे गोटे शिल्लक राहतात. अशा गोट्यावर ‘खडक लागला’ म्हणून बोअर थांबवली, तर त्याखालचा मुरूम अहवालात येतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, सीनिअरने ज्युनिअरसोबत कोअर बॉक्सपाशी बसावं आणि लॉग आधी ज्युनिअरने लिहावा. सीनिअरने तोवर गप्प राहायचं (हे बहुतेकांना सर्वांत जड जाईल). मग ओळीओळीवर चर्चा. जुन्या माणसांच्या खोडीही अशाने पुढे जातात, हा आक्षेप रास्त आहे; मुरमाला सवयीने एकच वर्णन चिकटवणारे सीनिअर असतातच. पण ज्युनिअरची नोंद आधी कागदावर आलेली असली, तर मतभेद उघड होतो आणि सरांनाही कारण द्यावं लागतं. ऑटोमॅटिक हॅमर आले, मोबाइलवर कोअरचे फोटो येतात, मग साइटवर जायचं कशाला, असंही विचारलं जातं. हॅमरने हातोड्याच्या उंचीचा प्रश्न बराच सुटतो. तळाशी उसळलेल्या वाळूचा सुटत नाही. फोटोतल्या कोअरवर नख फिरवता येत नाही.

खरा अडसर पैशाचा आहे. अमेरिकेत परवाना मिळण्यापूर्वी साधारण चार वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे स्थापत्य अभियंत्यासाठी देशभर लागू अशी परवान्याची सक्ती नाही आणि माती तपासणीचं काम अनेकदा बोअरच्या मीटरवर, सर्वांत कमी दराला दिलं जातं. त्या दरात सीनिअरचा साइटवरचा दिवस कोण धरणार? तो वेगळी बाब म्हणून निविदेत दाखवावा. तोवर अहवाल हातात आला की धारणक्षमतेचं पान उघडण्याआधी एवढं विचारा: हा लॉग कोणी लिहिला आणि कुठे बसून?