बहात्तर होमरन आणि काही पक्के गैरसमज

अमेरिकेत एका हंगामात सर्वाधिक होमरन कोणी मारले, असे विचारले की नावे ओळीने येतात : बेब रूथ ६० (१९२७), रॉजर मॅरिस ६१ (१९६१), मार्क मॅग्वायर ७० (१९९८), बॅरी बाँड्स ७३ (२००१). ही यादी फक्त मेजर लीगची आहे. सगळ्या व्यावसायिक बेसबॉलचा विक्रम हाच, असे मात्र सर्रास धरून चालतात. मॅग्वायरच्या ७० होमरनचा देशभर गाजावाजा झाला, तेव्हाही व्यावसायिक बेसबॉलच्या विक्रमाला तो दोनने कमीच पडला होता. तो विक्रम होता ७२ चा, १९५४ पासून जो बाउमन या फर्स्ट बेसमनच्या नावावर. २००१ मध्ये बाँड्सने तो मोडेपर्यंत ४७ वर्षे गेली. बाउमन न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेल गावच्या ‘रॉकेट्स’ संघाकडून खेळायचा. हेच ते १९४७ च्या उडत्या तबकडीच्या कथेचे रॉझवेल. बाहेरच्यांना हे गाव तबकडीमुळेच ठाऊक, बाउमनमुळे नाही.

गैरसमज : मायनर लीग म्हणजे शिकाऊ पोरांचा खेळ.

आज मायनर लीगचे बहुतेक संघ कुठल्या ना कुठल्या मेजर लीग क्लबला जोडलेले असतात आणि वरच्या संघासाठी खेळाडू घडवणे हे त्यांचे काम असते. त्यामुळे हा समज पक्का झाला. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाला तो लागू पडत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत ५९ मायनर लीग होत्या आणि त्या वर्षी जवळपास चार कोटी प्रेक्षक त्यांच्या सामन्यांना गेले. दूरचित्रवाणी घराघरांत पोचायची होती. छोट्या गावाची उन्हाळ्यातली संध्याकाळ बेसबॉलच्या मैदानावरच जायची. संघातले अनेक खेळाडू तिशीतले, संसारी, पगारी व्यावसायिक असत. बाउमन ७२ च्या हंगामात ३२ वर्षांचा होता आणि गावात त्याचा पेट्रोल पंप होता.

गैरसमज : विरळ हवा आणि छोटे मैदान, म्हणून एवढे होमरन.

यात तथ्य आहे, पण थोडेच. रॉझवेल समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर आहे. हवा विरळ असली की चेंडूला अडथळा कमी होतो आणि तो थोडा लांब जातो. (दमट हवा जड असते, ही समजूतही चुकीची. त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते.) मैदानाचे म्हणाल, तर रॉझवेलला उजवीकडचे कुंपण कोपऱ्यात ३२९ फुटांवर होते. न्यूयॉर्कच्या जुन्या यँकी स्टेडियममध्ये तोच कोपरा ३०० फुटांच्याही आत होता, आणि डावखुऱ्या रूथने तिथे वर्षानुवर्षे होमरन मारले. बाउमनही डावखुराच. शिवाय विक्रम झाला तो घरच्या मैदानावर नाही. ५ सप्टेंबर १९५४ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आर्टेशिया गावात दोन सामने होते. जास्त वेळा बॅट हातात यावी म्हणून बाउमनला फलंदाजीच्या क्रमात पहिला उतरवले होते. तोवर तो ६९ वर होता, म्हणजे जो हॉसर (मिनियापोलिस, १९३३) आणि बॉब क्रूज (अमारिलो, १९४८) यांच्या बरोबरीला. त्या दिवशी त्याने आणखी तीन मारले.

खरा आक्षेप पिचरांच्या दर्जावर आहे. रॉकेट्स ज्या लाँगहॉर्न लीगमध्ये खेळत, ती ‘सी’ वर्गाची, म्हणजे मेजर लीगच्या खूप खालच्या पायरीवरची. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तिथले ते पिचर काही एकट्या बाउमनला मिळत नव्हते. आणि नुसता डोळे मिटून बॅट फिरवणारा असता, तर त्याची सरासरी .४०० झाली नसती आणि १५० वेळा चेंडू सोडून देऊन त्याने चालत पहिला बेस गाठला नसता.

गैरसमज : फर्स्ट बेसला धीम्या माणसाला लपवतात.

अर्धे खरे. डिक स्टुअर्टने १९५६ मध्ये लिंकनकडून ६६ होमरन मारले. पुढे मेजर लीगमध्ये फर्स्ट बेसवर त्याच्या हातून चेंडू इतके निसटले की लोकांनी त्याला ‘डॉक्टर स्ट्रेंजग्लव्ह’ नाव ठेवले. पण इनफिल्डमधून येणारा जवळजवळ प्रत्येक थ्रो याच माणसाला पकडावा लागतो. त्यात उंची कामाला येते आणि डावखुरेपणा तर फारच, कारण ग्लव्ह उजव्या हातात असल्याने दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकताना अंग वळवावे लागत नाही. सव्वासहा फुटांहून उंच, डावखुरा बाउमन या जागेला शोभणाराच होता.

गैरसमज : ‘बुल डरहॅम’मध्ये मायनर लीगचा विक्रम २४७ होमरनचा सांगितला आहे, तो खरा असणार.

१९८८ च्या त्या चित्रपटातला कॅचर क्रॅश डेव्हिस काल्पनिक, त्याचा विक्रमही काल्पनिक. कारकिर्दीतली अनेक वर्षे अधिकृत लीगबाहेर घालवूनही बाउमनचे ३३७ होमरन आहेत. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये सर्वाधिक ४३३ माइक हेसमनचे, २०१५ पर्यंतचे. मेक्सिकन लीग धरली तर फर्स्ट बेसमन हेक्टर एस्पिनो त्याच्याही पुढे जातो.

आता सगळ्यांत चिवट समज : वर पोचला नाही, म्हणजे तेवढ्या लायकीचा नव्हता.

बाउमन मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९४१ मध्ये सुरुवात, मग युद्धाची वर्षे नौदलात. १९४६ मध्ये अमारिलोकडून ४८ होमरन, पुढच्या वर्षी ३८. बोस्टन ब्रेव्हजने त्याला आपल्या साखळीत घेतले. १९४८ मध्ये मिलवॉकीला वरच्या वर्गात तो जेमतेम दिसला आणि लगेच हार्टफर्डला पाठवला गेला. पुढच्या मोसमासाठी देऊ केलेले पैसे त्याला पटले नाहीत. त्याने सरळ नकार दिला आणि तो ओक्लाहोमातल्या एल्क सिटीच्या अर्धव्यावसायिक संघात गेला. तिथेही पेट्रोल पंप होताच. ती तीन वर्षे अधिकृत आकडेवारीत नाहीत.

हा पराभव नव्हता, हिशेब होता. त्या काळी मेजर लीगमध्ये सोळाच संघ होते, म्हणजे नियमित फर्स्ट बेसमनच्या जागाही सोळाच. करारातल्या ‘रिझर्व्ह’ कलमामुळे क्लब सोडत नाही तोवर खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. उलट छोट्या गावात पगाराखेरीज लोकांचे प्रेम रोख मिळायचे. होमरन झाला की प्रेक्षक कुंपणाच्या जाळीतून डॉलरच्या नोटा खेळाडूच्या हातात सरकवायचे. एस्पिनोनेही असेच केले. १९६४ मध्ये जॅक्सनव्हिलला काही सामने खेळून तो मेक्सिकोला परतला आणि अमेरिकेत पुन्हा खेळायला गेला नाही.

पण म्हणून ‘संधी मिळाली असती तर तो दुसरा रूथ झाला असता’ हेही खरे मानू नये. याच जातकुळीच्या खेळाडूंचे काय झाले ते पाहा. स्टीव्ह बिल्कोने लॉस एंजेलिसकडून १९५६ मध्ये ५५ आणि १९५७ मध्ये ५६ होमरन मारले. मेजर लीगच्या साऱ्या कारकिर्दीत त्याचे ७६ झाले. स्टुअर्टचे २२८. हॉसरची वाट तर उलटी : १९२४ मध्ये मेजर लीगमध्ये २७ होमरन, मग गुडघा मोडला, आणि ६३ व ६९ चे त्याचे हंगाम त्यानंतर मायनर लीगमध्ये आले. खालच्या लीगमधल्या आकड्यांवरून वरचे भविष्य सांगता येत नाही, आणि वर गेला नाही म्हणून आधीचे ७२ कमी होत नाहीत.

बाउमन रॉझवेललाच राहिला आणि २००५ मध्ये तिथेच वारला. तिथल्या मैदानाला त्याचे नाव आहे. २००२ पासून मायनर लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणाऱ्याला त्याच्या नावाचा पुरस्कार देऊ लागले, रक्कम ठरली दर होमरनला २०० डॉलर.