गाडीत ठेवायचा हवेचा पंप : कसा पारखावा?

स्टेपनी, जॅक आणि पाना एवढे गाडीत असले की गाडीवाला निर्धास्त होत असे. आता त्यांच्या जोडीला चौथी वस्तू आली आहे : गाडीच्याच बॅटरीवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा हवेचा पंप. दुकानदार त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थिनीने कथा-कविता सोडून या यंत्राकडे का वळावे, असे मैत्रिणींनी विचारलेच. त्याचे कारण असे, की आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे खताच्या गोणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत इंग्रजी मजकूर असलेली प्रत्येक वस्तू प्रथम माझ्यापुढे येते. दादा जुन्नर तालुक्यातून टोमॅटोचे क्रेट भरून पिकअपने माळशेज घाटामार्गे वाशीच्या बाजारात जातो. मागच्या चाकाची हवा उतरते आहे हे ओतूर मागे पडल्यावर कळले, तर रात्री अकरा वाजता कोणते दुकान उघडे असणार? स्टेपनी असते, पण भरल्या गाडीखाली, घाटाच्या वळणावर, पावसात जॅक लावणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय बाजारात पोहोचायला उशीर झाला की भाव पडलेला असतो. तेव्हा दादाने तीन पंपांच्या खोक्यांचे फोटो मला पाठवले आणि म्हणाला, "अगं, कालेजात जातेस ना? मग ह्यातला कुठला घ्यायचा ते वाचून सांग."

त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो दाबाचा आकडा. बहुतेकांवर १५० पीएसआय असते. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब, हे माप. पेट्रोल पंपावरचा मुलगा "तीस की पस्तीस?" असे विचारतो ते हेच. लहान मोटारीच्या चाकाला साधारण ३० ते ३५ लागते, माल भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांना ६० च्या आसपास. आपल्या गाडीचा नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मग १५० चा उपयोग काय? ज्याला गावचा ओढा ओलांडायचा आहे त्याला समुद्रातले गलबत विकावे, तसा हा प्रकार आहे. दाब पुरेसा हवा हे खरे, परंतु पुरेसा दाब जवळजवळ सर्वच पंप देतात. फरक पडतो तो दुसऱ्याच आकड्याने, आणि तो आकडा बारीक अक्षरांत असतो.

तो आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर याचा हिशेब मांडून दिला, तो थोडक्यात देते. आपल्याभोवतीच्या हवेचाच दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो. म्हणजे टायरमधील दाब १४.७ ने वाढवायचा, तर टायरच्या पोकळीएवढी बाहेरची हवा आणखी आत कोंबावी लागते. लहान मोटारीच्या टायरची पोकळी २५ ते ३० लिटरची. २२ वर आलेला दाब ३२ वर न्यायचा तर १८-२० लिटर हवा पुरते. लहानसा पंपही हे काम दोन-तीन मिनिटांत उरकतो. पिकअपचे टायर मोठे, पोकळी ४०-४५ लिटरची. त्यात ४० वरून ६० वर जायचे तर ६० लिटर हवा लागते, आणि पार बसलेले चाक ६० पर्यंत फुगवायचे तर १८० लिटरच्या घरात. खोक्यावरचा "मिनिटाला ३५ लिटर" हा आकडा नळी मोकळी असतानाचा असतो. समोर दाब असला की तीच हवा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणजे प्राध्यापकांच्या मोटारीला जो पंप उत्तम, तोच दादाच्या गाडीला पाव तास घामाघूम होऊन ढकलत बसेल.

घामाघूम हा शब्द मी उगाच वापरला नाही. हवा दाबली की तापते. सायकलला हवा मारताना पंपाचा बुडखा हाताला चटका देतो, हे आपण लहानपणीच अनुभवलेले असते. या छोट्या यंत्रातही तेच घडते, म्हणून त्याला विसावा द्यावा लागतो. किती मिनिटे सलग चालवावे आणि किती वेळ थांबवावे हे पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि खरेदीआधी पाहायची ही दुसरी गोष्ट. आपल्या चाकाला लागणारा वेळ त्या मर्यादेत बसत नसेल, तर पंप कितीही स्वस्त असो, तो आपला नव्हे. आतला सिलिंडर धातूचा असेल तर उष्णता लवकर बाहेर पडते. त्यामुळे हातात घेतल्यावर जरा जड लागणारा पंप मला अधिक विश्वासाचा वाटतो.

आता विजेकडे वळू. सिगारेट लायटरच्या सॉकेटमागे बहुधा १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, १५ म्हणजे १८० वॅट. याहून दणकट पंप सॉकेटमध्ये खोचला की फ्यूज उडालाच. मोठ्या पंपांना म्हणूनच बॅटरीवर थेट लावायचे दोन चिमटे असतात, आणि पिकअपसाठी तेच बरे. मात्र ट्रकमध्ये २४ व्होल्टची बॅटरी व्यवस्था असते. १२ व्होल्टचा पंप तेथे लावला तर जळेल. एअर ब्रेकच्या ट्रकांना याची फारशी गरजही नसते, कारण त्यांच्या ब्रेकच्या टाकीतूनच नळी लावून हवा घेता येते. पंप चालू असताना गाडीचे इंजिन चालू ठेवावे म्हणजे बॅटरी उतरत नाही, पण हे उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर जीव घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट कोणत्याच दुकानदाराने सांगितली नाही. ती आमच्या आईला सुचली. "वायर पुरंल का पाठीमागच्या चाकाला?" तिने विचारले. अंगणात गाडी उभी करून आम्ही बॅटरीपासून सर्वांत दूरच्या चाकापर्यंत सुतळी लावली, तेव्हा तीनपैकी दोन पंपांची वायर आणि नळी मिळूनही तेथे पोहोचत नाही असे दिसले. यावर बारीक वायर जोडून लांबी वाढवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो मानू नये. बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच गळते, पंप मंदावतो आणि वायर तापते.

आतच बॅटरी असलेले, मोबाइलसारखे चार्ज करायचे पंपही मिळतात. त्यांना वायरीची कटकट नाही. मोटारसायकलला आणि घरी ठेवायला ते छान आहेत. परंतु मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची केबिन भट्टीसारखी तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला अशी उष्णता सोसत नाही. शिवाय सहा महिने कोणी हात लावला नाही, तर ऐन वेळी तिचे चार्जिंग उतरलेले असू शकते. गाडीतच कायम ठेवायचे असेल, तर मी वायरीचा पंप घ्या असे सांगेन.

ठरावीक दाबाला आपोआप बंद पडणारा आकडेवाला गेज अंधारात फार सोयीचा. पण पंप चालू असताना गेज थोडा जास्त दाब दाखवतो, म्हणून थांबवून वाचावे. दाब चाक थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, पाहावा. घाट चढून आलेल्या चाकाचा दाब वाढलेला असणारच. तो पाहून हवा सोडू नये.

या यंत्राकडून भलत्या अपेक्षाही नकोत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला असेल तर हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा तसाच ठेवून, हवा भरून, पुढच्या दुकानापर्यंत पोहोचता येते, आणि पंपाचा खरा उपयोग हाच. ट्यूबच्या टायरला मात्र पंक्चर झाल्यावर हवा फार वेळ धरत नाही. टायर बाजूने फाटला, किंवा रिमवरून सुटला, तर लहान पंपाचा काही इलाज चालत नाही, कारण सुटलेला टायर पुन्हा बसवायला हवेचा एकदम जोरदार लोंढा लागतो. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. नियम काहीही म्हणो, घाटाने जाणाऱ्याने स्टेपनी काढू नये असे माझे मत आहे.

राहिला नळीच्या तोंडाचा प्रश्न. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतले होते. पण तो चालला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा घडवला. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता, हे वाचून शेतकऱ्याच्या लेकीला जरा बरे वाटले. मोटार आणि मोटारसायकल यांना जो वाल असतो तो श्रेडरचा, १८९३ च्या पेटंटचा. पंपाचे तोंड त्यालाच बसते. आपल्याकडच्या साध्या सायकलींचा वाल निराळा, त्याला पितळी जोड लागतो. चिमट्यांचा, लांब वायरीचा पंप दादाने घेतला, त्याच्या खोक्यात तो जोड होता. धाकट्याने तो त्याच दिवशी पळवला.