अफनासी निकितीनच्या गावी

मॉस्कोच्या वायव्येस सुमारे १७० किलोमीटरवर, व्होल्गेच्या काठी त्वेर हे शहर आहे. पंधराव्या शतकात येथूनच निघालेला अफनासी निकितीन हा व्यापारी चौलास उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरास राहिला. नदीकाठी त्याचा १९५५ सालचा पुतळा आहे. आज भारतातील मुले त्याच गावी वैद्यकी शिकण्यास जातात, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

वसतिगृहात स्वयंपाकघर सामाईक. कोणी फोडणी घातली की साऱ्या मजल्यास वर्दी जाते. केफीर हे आपल्या ताकाचे जवळचे भावंड. आपल्याकडे इंदूर-ग्वाल्हेरीस उपवासाला चालणारा कुट्टू तेथे ‘ग्रेच्का’ या नावाने रोजच्या जेवणात असतो. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. खोल्या उबदार असतात, पण अंधाराला काय करावे?

खरी कसोटी भाषेची. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात व्याख्याने इंग्रजीत चालतात. रुग्णालयातील आजीबाई मात्र आपले दुखणे रशियनमध्येच सांगणार. ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कोठे दुखते?’ एवढे विचारणे दोन दिवसांत जमते. त्यावर आजीबाई जी कहाणी सांगू लागतात ती समजावयास दोन वर्षेही अपुरी पडतात. बाजारात एक भाषा आणि माजघरात दुसरी, असे पिढ्यान्पिढ्या जगलेल्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. तरी पालक चौकशी करतात ती फीची आणि थंडीच्या कपड्यांची. आठवड्यास रशियनचे तास किती, हेही आधी विचारून घ्यावे.